कोमट जमीन

सकाळी खिडकी उघडली आणि गंधकाचा वास आत आला. बागेत धुरळणी चालू होती. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेली भरून येतात, मणी ज्वारीएवढे होतात, पहाटेचं दव पडायला लागतं, आणि मग भुरी रोगाच्या धास्तीनं आमच्याकडे जिकडंतिकडं हेच चालतं. पिवळी पूड, तिचा ढग आणि डोळ्यांत चरचर. नव्या माणसाला हा वास सोसत नाही. लग्न होऊन या घरी आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मलाही सोसला नव्हता. मग सवय झाली, आणि खोटं कशाला बोलू, आवडायलाही लागला. गंधकाचा वास आला की बाग सुखरूप आहे, घडांवर कोणाचं तरी लक्ष आहे, असं मनात बसून गेलं होतं.

आता तसं होत नाही. आता तो वास आला की हातातलं काम टाकून मी आधी दाराशी जाते आणि चपला ठेवतो त्या कोपऱ्यात बघते. नानांचे बूट तिथं नसले तर हायसं वाटतं, म्हणजे ते घालून गेले. बूट तिथंच दिसले तर मी असेन तशी, अनवाणीच, बागेकडे धावत सुटते. शेजारणी हसतात. हसू देत.

नाना म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही इथं तेच म्हणते. पिंपळगावच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडी आत आमची द्राक्षबाग आहे. मी जवळच्याच शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यावरून नाना मला ‘बाई’ म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, पुढे तेच माझं नाव होऊन बसलं. आमच्या घरात एक शिस्त सासऱ्यांपासून चालत आली होती. बागेत पायात काही घालून जायचं नाही. चपला बांधावर काढायच्या, वाकून मातीला हात लावायचा आणि मग वेलीत शिरायचं. मजुरांवर सक्ती नव्हती, पण नानांनी जन्मात कधी बागेत चप्पल नेली नाही. त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरीही ते श्रावणात अनवाणीच करायचे. पायाला फोड यायचे, पण तोंडातून ‘आई गं’ निघायचं नाही. हे मी पाहुण्यारावळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचे.

द्राक्षांचा खुडा संपला की एप्रिलमधल्या खरड छाटणीपर्यंत बाग विसाव्याला असते. पंधरा-वीस दिवस वेलींना कोणी हात लावत नाही. शेतकऱ्याच्या वर्षातली तेवढीच काय ती सुट्टी. दोन वर्षांपूर्वी, चैत्रातल्या त्या सुट्टीत, आम्ही दोघं तीन विमानं बदलून कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका नावाच्या बेटावर गेलो. आमची मुलगी प्राची तिथं आहे. आधी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात होती. आता तिथं जमिनीतल्या वाफेवर वीज करायच्या कामावर आहे. ‘आई, तुझा ज्वालामुखी बघायला ये,’ असं ती दर फोनला म्हणायची. माझा ज्वालामुखी म्हणजे शाळेतला तक्ता. मधोमध कापलेला डोंगर, आत लाल रंग, आणि खाली तीन प्रकार: जागृत, निद्रिस्त, मृत. हे तीन शब्द मी किती मुलांकडून घोकून घेतले असतील याला गणतीच नाही. खरा एकही बघितलेला नव्हता.

बेटावर पहिला धक्का बसला तो हिरव्या रंगाचा. आपल्याकडे इगतपुरीच्या घाटात श्रावणात असतो तसला हिरवा, आणि तोही चैत्रात. इथून निघताना डोंगर पिवळे पडले होते, धूळ उडत होती. तिथं डोंगराच्या नाकाडापर्यंत झाडी आणि जागोजागी पाणी कोसळतंय. नाना गाडीतून उतरले ते थेट रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांनी मूठभर माती उचलली. चुरून बघितली, नाकाशी नेली.

“बाई, लय जोरदार माती हाय ही,” ते म्हणाले. “इथं काठी रोवली तरी पालवी फुटंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती त्यांच्या आवाजानं. अंथरुणातच उठून बसले होते. “कोणाच्या बागेत गंधक चाललंय गं? आत्ता कसली भुरी?”

खरंच वास येत होता. आपल्या गंधकापेक्षा उग्र, जरा कुजक्या अंड्याकडे झुकणारा, पण ओळखीचा. प्राची हसून हसून लोळायची बाकी राहिली. “नाना, इथं बाग नाही. जमीनच सोडते हा वास. खाली डोंगर जिवंत आहे.” नानांच्या चेहऱ्यावर परक्या गावात नातेवाईक भेटल्यासारखं काहीतरी आलं. त्या दिवसापासून त्यांना त्या बेटाची भीती अशी राहिलीच नाही. गंधक आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्यांच्या नाकात इतक्या वर्षांचं बसलेलं होतं. माझ्याही.

दिवस मजेत चालले होते. आम्ही धबधब्याखाली भिजलो, गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलो. शेजारच्या बाईनं नारळाचं दूध घालून अळूच्या पानांचं सूप पाठवलं. मी एक घोट घेतला आणि आमच्या पंगतीतली अळूची पातळ भाजी आठवून चकितच झाले. समुद्राकाठचा काळा दगड हातात घेतला तर तो अंजनेरीवरून आणलाय असं सांगितलं असतं तरी खपलं असतं. आपले डोंगरही लाव्हाचेच, हे मला काय माहीत नव्हतं? तक्त्यावर होतंच की. पण इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट खरी निघाली की माणूस हबकतो, हे मला त्या दगडानं शिकवलं.

आणि मग तो उकळत्या तळ्याचा दिवस.

डोंगरात, जाऊन-येऊन सहा-सात तासांच्या चालीवर एक तळं आहे, त्यातलं पाणी सतत उकळत असतं. नानांनी फोटो बघितला आणि हटून बसले. साठी उलटलेली, दहा वर्षांची शुगर, पण डोंगर म्हटलं की पोरासारखे. प्राचीनं त्यांना चांगले जाड तळव्याचे बूट घेऊन दिले. मार्सेल नावाचा वाटाड्या बरोबर होता, पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. तो इंग्रजीत सांगायचा, प्राची मराठीत. “त्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, आई. वरची जमीन कुठं जाड आहे, कुठं पापुद्र्यासारखी, ते त्यालाच कळतं.”

दोन तास नुसतं जंगल. ओली मुळं, शेवाळ, पक्ष्यांचा गलका. आणि एका वळणावर झाडं संपली. विरळ होत गेली असं नाही, संपलीच. समोर एक दरी, तिच्यात पांढरट, पिवळा, काळा दगड, दुधासारखे आणि शाईसारखे ओहोळ शेजारीशेजारी वाहतायत, आणि शेकडो भोकांतून वाफ फुसफुसतेय. मी जागच्या जागी खिळले. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं होतं की पृथ्वीचं कवच घट्ट आहे. समोर तर झाकण थडथडत होतं. पुढे जाऊन आम्ही ते तळंही बघितलं. करडं पाणी, मधोमध उसळ्या मारतंय, वर ढग. नाना हळूच म्हणाले, “जागृत ठिकाण हाय, बाई.” मी मान हलवली. माझ्या तक्त्यातलाच शब्द, पण त्यांनी तो देवळाच्या अर्थानं म्हटला होता, आणि त्या घटकेला मलाही तोच अर्थ खरा वाटला.

परतताना त्या दरीत मार्सेलनं आम्हांला एका रुंद, सपाट खडकावर थांबवलं. इथून हलायचं नाही, म्हणाला, आणि फडक्यात बांधून आणलेली अंडी शेजारच्या उकळत्या डबक्यात सोडायला गेला. सगळ्या पाहुण्यांना तिथं अशी अंडी खिलवतात. प्राची त्याच्याबरोबर वाकून फोटो काढत होती. आम्ही दोघं खडकावर. समोरच एका भेगेतून वाफेचा लोट वर जात होता.

नानांनी बूट काढले.

यात मला काहीच वावगं वाटलं नाही, हे मला आज सांगायलाच हवं. जमिनीतून आपोआप जे वर येतं, पाणी असो नाहीतर वाफ, तिथं पायात काही ठेवायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायऱ्यांवर कोणाला सांगावं लागतं का? माझीही बोटं आपोआप नाडीकडे गेली. मी बूट काढले, मोजे काढले आणि नाना खडकावरून उतरून उभे राहिले होते तिथं, भेगेजवळ, एक पाऊल टेकवलं. असा चटका बसला की मी झटकन मागं उडी मारली आणि धडपडत बुटांत पाय कोंबले. नाना तिथंच उभे होते. दोन्ही पाय टेकलेले, हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. चेहरा अगदी शांत.

“अहो, भाजत नाही का?” मी विचारलं.

“कोमट हाय,” ते डोळे न उघडता म्हणाले. “बरं वाटतंय.”

आणि मला स्वतःची लाज वाटली. माझीच श्रद्धा कमी, मला वाटलं. या माणसाचं मन लागलंय, म्हणून त्याला काही लागत नाही. इतक्या वर्षांत मला त्यांचा असा हेवा कधी वाटला नव्हता. मी तिथं उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. चार मिनिटं असतील, पाचही असतील. मी त्यांना हाताला धरून ओढायला हवं होतं. मी बघत राहिले.

मार्सेल वळला आणि एवढ्या जोरात ओरडला की अंड्यांचं फडकं त्याच्या हातून निसटलं. तो धावत आला, नानांना दोन्ही खांद्यांना धरून मागं खेचलं. नाना हसत होते. “अरे, काय नाय होत. काय नाय.” त्यांनी मोजे चढवले, बूट बांधले. मार्सेल पुन्हा पुन्हा विचारत होता, पाय बघू दे. नाना मान हलवत राहिले. मग आम्ही अडीच तास चाललो. चढ, उतार, मुळं, ओढे. नाना सगळ्यांच्या पुढे. शेवटी मार्सेलसुद्धा हसला आणि म्हणाला, “स्ट्राँग मॅन!” नानांनी ते मला दोनदा ऐकवलं.

घरी आल्यावर उजव्या पायाचा मोजा निघेना. प्राचीनं हळूच ओढला आणि मोज्याबरोबर तळव्याची कातडी आली.

नाना पायाकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचा तरी पाय असावा तसे. दुखत नव्हतं. एवढं होऊन दुखत नव्हतं! मला भीती वाटली ती त्या जखमेची नाही. माझ्या एका क्षणाच्या चटक्यानं टाचेला अजून आग होत होती, आणि हा माणूस त्या जखमेवर डोंगर उतरून आला होता, वर म्हणत होता, चहा टाक.

गावातल्या दवाखान्यात एक वयस्क नर्स होती. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मग पेनासारख्या दांडीला लावलेला एक पातळ नायलॉनचा दोरा काढला. नानांना डोळे मिटायला सांगितले. दोरा लागला की ‘हो’ म्हणायचं. प्राचीनं समजावलं. नाना शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसले. नर्सनं दोरा अंगठ्याला लावला. मग शेजारच्या बोटाला. मग चांगल्या, न भाजलेल्या डाव्या पायाला, बोटांना, टाचेला. दोरा वाकत होता, मला दिसत होता. खोलीत पंखा फिरत होता. नाना ‘हो’ म्हणायची वाट बघत होते.

“सुरू करा ना,” शेवटी ते म्हणाले.

नर्स प्राचीकडे वळून हळू आवाजात बोलायला लागली. प्राचीनं पहिल्या दोन वाक्यांचं मराठी केलं. शुगरनं पायाच्या शिरा बधिर होतात, हळूहळू होतात. पुढचं तिनं केलंच नाही. नुसती वडिलांच्या पावलाला हात लावून बसली.

“नाना, किती दिवसांपासून असं आहे?” तिनं विचारलं.

“मला काय ठाव?” नाना म्हणाले. “जे लागतच नाय, ते कवापासून लागत नाय, कसं कळंल?”

हे वाक्य ऐकून मी जी सुन्न झाले ती अजून पूर्ण सावरलेली नाही. कारण मला कळायला हवं होतं. एकदा ते पिंपळगावच्या बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले होते. दुसरी कुठं पडली पत्ता नाही. किती हसलो होतो आम्ही! कित्येक दिवस तो विनोद चालला. एकदा बाभळीचा काटा दोन दिवस टाचेत घेऊन हिंडले, मीच अंथरूण झटकताना बघितला. फेरीनंतरचे ते फोड, ज्यांचं मी कौतुक सांगत फिरायचे. खुड्याच्या आधी ‘गोडी चाखावी लागते, बाई’ म्हणत घड संपवायचे, आणि मी दटावून सोडून द्यायचे. जमिनीच्या पोटात काय चाललंय हे मला पाठ होतं. तिच्यावर टेकलेल्या, रोज माझ्या शेजारी निजणाऱ्या पायांचं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्या पायांतलं काहीतरी मेलं होतं, म्हणून ते तिथं हात जोडून उभे राहू शकले; मी ते बघितलं आणि त्याला भक्ती म्हटलं. हे मला फार लागलं. आजही लागतं.

उरलेले दिवस नाना ओसरीत पाय उशीवर ठेवून बसले. समोर डोंगर, वाफेची एक रेघ. मार्सेल भेटायला आला, येताना केळ्यांचा लोंगर घेऊन आला. बराच वेळ मान खाली घालून बसला. त्याची काहीच चूक नव्हती. नानांनी त्याच्या हातावर आमच्या बागेतले बेदाणे ठेवले आणि मला म्हणाले, “त्याला सांग, जमीन चांगली हाय तुझी. पायच माझा लबाड निघाला.” मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

नाशिकला आल्यावर दवाखाना, ड्रेसिंग, पुन्हा दवाखाना. पाऊल वाचलं. उजवी करंगळी गेली. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी लपवलं नाही. गेलेली संवेदना परत येईल या आशेवर राहू नका, म्हणाले. आहे ती सांभाळा. एक जखम लक्षात आली नाही तर पुढच्या वेळी पाऊल वाचेलच असं नाही. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. रोज संध्याकाळी तळवे बघायचे, आणि अधूनमधून दोरा लावून बघायचा. दोरा त्यांनीच दिला.

सासऱ्यांची शिस्त त्या वर्षी मोडली. पहिल्या दिवशी बूट घालून बागेत शिरताना नाना बांधावर थांबले, वाकले, मातीला हात लावला, आणि तसेच वाकून राहिले. मी दूर उभी होते. मला वाटलं होतं ते रागावतील, भांडतील. ते रडत होते.

पण माणूस सावरतो. या हिवाळ्यात तर मला वेगळीच आशा लागली होती. दिवेलागणीच्या आधी, उजेड असतानाच, नाना खाटेवर आडवे होतात, मी पायथ्याशी बसते. आधी तळवे नीट बघते, मग दोरा काढते. ते डोळे मिटतात. मी आपली शिस्तीत अंगठ्यापासून सुरू करते, मग बोटं, मग चवडा, शेवटी टाच. आधी ते गप्पच असायचे. गेल्या महिन्यापासून उत्तरं यायला लागली. “अंगठा.” “शेजारचं.” “चवडा.” सगळी बरोबर! मी हरखून गेले. प्राचीला फोन करून सांगितलं, पोरगी फोनवरच रडली. डॉक्टरांचं चुकलं, मला वाटलं. आमच्या मातीत काहीतरी आहे.

काल संध्याकाळीही बसलो. ते डोळे मिटून पडले होते. मी पिशवीतून दोरा काढला, आणि तेवढ्यात खिडकीतून पुन्हा तो वास आला. शेजारच्या बागेत धुरळणी चालली होती. मी तिकडे बघत राहिले. ती दरी आठवली, तो खडक, तो शांत चेहरा. किती वेळ गेला कोण जाणे.

“अंगठा,” नाना म्हणाले.

दोरा माझ्या मांडीवर होता. मी त्यांना हातही लावला नव्हता.

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे घट्ट मिटलेले, कपाळाला आठी, सगळं लक्ष पणाला लावलेलं. धडा न समजता घोकून आलेली मुलं फळ्यापुढे अशीच उभी राहायची, आणि मी त्यांना पहिल्या वाक्यालाच ओळखायचे. यांना महिनाभर ओळखलं नाही.

“बरोबर ना, बाई?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

“बरोबर,” मी म्हणाले, आणि उठून त्यांचे बूट खाटेजवळ आणून ठेवले.